व्हेनिसला घाबरलेल्या गावाची व्हेनिशियन बोली

मी ज्या गावात नोकरी करते ते इटलीतलं त्रिएस्ते गाव १३८२ साली आपण होऊन ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या आश्रयाला गेलं. कारण व्हेनिसची धास्ती. समुद्रापलीकडचं ते श्रीमंत प्रजासत्ताक एड्रियाटिकच्या काठावरची लहानसहान बंदरं एकेक करून घशात घालत चाललं होतं, आणि त्रिएस्तेला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. त्यानंतर मधले थोडे काळ सोडले तर १९१८ पर्यंत त्रिएस्ते ऑस्ट्रियाचंच राहिलं. व्हेनिसपासून लांब राहण्यासाठी इतका खटाटोप केलेल्या या गावात आज मंडईत, दवाखान्यात, कोर्टाच्या जिन्यावर जी बोली कानावर पडते, ती मात्र व्हेनिशियन कुळातली आहे. तिला म्हणतात त्रिएस्तीनो.

मी मूळची सोलापूरची. इथं कॉफी आयात करणाऱ्या एका कचेरीत बोटींचे कागदपत्र सांभाळते. इटलीत येणाऱ्या कॉफीचं त्रिएस्ते हे मोठं बंदर. ब्राझील, व्हिएतनामबरोबर आपल्या चिकमगळूर-कोडगूची पोतीही इथं उतरतात. इटालियन मी पुण्यात शिकले होते आणि त्या बळावर आले होते. कचेरीत आल्यावर कळलं की इथं दोन भाषा चालतात. मिलानच्या फोनवर आणि माझ्याशी इटालियन. आपसांत, मालकासकट सगळ्यांची, त्रिएस्तीनो.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला याचं फारसं नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणारे पद्मशाली, कन्नड बोलणारे लिंगायत, दखनी बोलणारे मुसलमान आणि ‘काय करूलालास बे?’ असं विचारणारी आमची मराठी. कुठला शब्द कुणाच्या घरून आला याची चौकशी कोणी करत नसे. त्रिएस्तेत मात्र मला ती चौकशी करावीशी वाटली. इथं शब्दाचा पत्ता लागला की तो ज्यानं आणला त्याचा धंदाही कळतो, आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या गावात कोण कोणाकडे कामाला होतं तेही.

आधी ही बोली इथं पोचली कशी ते सांगते. जुन्या त्रिएस्तेची बोली वेगळीच होती. तिला अभ्यासक तेर्जेस्तीनो म्हणतात. ती शेजारच्या फ्रिउली भाषेच्या जवळची. गाव लहान होतं, काही हजार वस्तीचं; मिठागरं, द्राक्षमळे आणि तटाच्या आतली घरं. १७१९ मध्ये सम्राट सहाव्या कार्लनं त्रिएस्तेला मुक्त बंदर जाहीर केलं. पुढं त्याची मुलगी मारिया तेरेझा हिनं मिठागरं बुजवून तिथं आखीव रस्त्यांची नवी पेठ वसवली. ती आजही तिच्याच नावानं ओळखली जाते. जकातीची कटकट नाही आणि धर्माची फारशी विचारपूस नाही म्हटल्यावर ग्रीक, सर्ब, ज्यू, आर्मेनियन, जर्मन व्यापारी आले. फ्रिउली आणि इस्त्रियातून कारागीर आले, दाल्मेशियातून खलाशी आले आणि मागच्या कार्स्ट पठारावरून स्लोव्हेन शेतकरी खाली उतरले. १९१० पर्यंत वस्ती सव्वादोन लाखांच्या पुढं गेली होती.

एवढ्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं कशात? जर्मन ही सरकारी भाषा, पण समुद्रावर तिला कोण विचारतो! एड्रियाटिकच्या आणि पूर्व भूमध्य समुद्राच्या बंदरांत शतकानुशतकं सौदे होत होते ते व्हेनिशियनमध्ये. ग्रीक दलालाला ती येत होती, दाल्मेशियाच्या तांडेलाला येत होती. खुद्द ऑस्ट्रियाच्या आरमारातही १८४८ पर्यंत याच वळणाच्या इटालियनचा अंमल होता. तेव्हा व्हेनिसचं राज्य जिथं टिकलं नाही तिथं व्हेनिसची भाषा बाजारातून आली. १७९७ मध्ये नेपोलियननं व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं, पण त्रिएस्तेतल्या या बोलीला त्याचा काही फरक पडला नाही. ती तोवर व्हेनिसची राहिलीच नव्हती.

तेर्जेस्तीनो मात्र मागं पडली. नव्या गर्दीत ती थोड्या जुन्या घराण्यांपुरती उरली. १८२८ मध्ये ज्युझेप्पे माइनाती या धर्मगुरूंनी त्या बोलीतले संवाद छापले तेव्हाच ती वयस्कांची बोली झाली होती. खाडीपलीकडच्या मुज्जा गावात तिची बहीण थोडी अधिक टिकली. तिचे उरलेसुरले अवशेष याकोपो काव्हाली यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केले. जुनी बोली ज्यांची होती त्यांच्याजवळच राहिली आणि त्यांच्याबरोबर गेली. नवी बोली सुरुवातीला कुणाचीच आई-भाषा नव्हती, म्हणून ती कुणालाही घेता आली.

घेणारे प्रौढ वयात घेत होते याच्या खुणा व्याकरणात दिसतात. व्हेनिसमध्ये प्रश्न विचारताना क्रियापदाच्या शेपटीला सर्वनाम जोडतात: ‘तुझ्याकडे आहे का?’ याला ‘गास्तु?’. आजच्या त्रिएस्तेत नुसतं ‘ते गा?’ म्हणून आवाज चढवला की प्रश्न झाला. व्हेनिसचा माणूस दोन स्वरांमधला ‘ल’ जवळजवळ गिळून टाकतो. इथला माणूस तो ठणठणीत उच्चारतो. ‘आहे’लाही ‘झे’ आणि ‘आहेत’लाही ‘झे’. इटालियनमधली जोडाक्षरं इथं सुटी होतात, ‘गात्तो’ म्हणजे मांजर ते ‘गातो’. क्रियापदांचे शेवट तुटतात: ‘मांज्यारे’, म्हणजे खाणं, त्याचं ‘मान्यार’. आणि ‘मी’ला इथं ‘मी’च म्हणतात. ‘मी गो कापी’ म्हणजे मला समजलं. योगायोगच, पण मराठी माणसाला पहिल्याच वाक्यात आपल्या घरी आल्यासारखं वाटतं.

एका बाबतीत तर मला इटालियनपेक्षा त्रिएस्तीनो सोपी गेली. ‘वेळ असता तर आले असते’ या वाक्यात आपण दोन्हीकडे ‘असता-असते’ वापरतो. इटालियन व्याकरणात ‘तर’च्या आधी एक रूप आणि नंतर दुसरं, शिकणाऱ्याची दमछाक होते. त्रिएस्तेत सर्रास दोन्हीकडे एकच रूप ऐकू येतं: ‘से गाव्हेरिया तेम्पो, व्हेन्येरिया’. स्लोव्हेन आणि जर्मन या दोन्ही शेजारणींतही अशा वाक्याचे दोन्ही तुकडे सारख्याच रूपानं चालतात. इथले शाळामास्तर या वाक्यावर लाल रेघ ओढतात, आणि मधल्या सुटीत तेच वाक्य बोलतात.

आता शब्दांकडे येते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या आजी स्वयंपाकाच्या शेगडीला ‘श्पार्गेर’ म्हणतात; मूळ जर्मन ‘श्पारहेर्ड’, कमी लाकडात जास्त आंच देणारी चूल. बेकरीवाला ‘पेक’. घोट म्हणजे ‘श्लुक’. विनोद म्हणजे ‘व्हित्स’. वंगण ‘श्मीर’. रेल्वेचा रूळ ‘शीना’. ही यादी वाचताच जर्मन बोलणारा त्रिएस्तेकर कोण होता ते समोर येतं: तो यंत्राजवळ होता, कारखान्यात होता, रेल्वेत होता. व्हिएन्नाहून येणारी दक्षिण रेल्वे १८५७ मध्ये त्रिएस्तेपर्यंत पोचली, आणि तिच्याबरोबर रुळांचा आणि वंगणाचा शब्दही. व्हिएन्नाचं स्वयंपाकघरही आलं. ‘किफेल’ म्हणजे बटाट्याच्या पिठाच्या तळलेल्या चंद्रकोरी, ‘क्राफेन’ म्हणजे आतून मुरंबा भरलेले गोड गोळे. आमच्या कचेरीजवळच्या ‘बुफे’त, म्हणजे उकडलेल्या डुकराच्या मांसाच्या खाणावळीत, सकाळी दहा-अकरालाच लोक ‘रेबेकिन’ला, मधल्या खाण्याला जमतात. ताटलीत मांसावर ‘क्रेन’ किसून घालतात. ते एक पांढरं, नाकात झिणझिण्या आणणारं मूळ. मांस न खाणाऱ्या माझ्यासारखीला तिथं आंबवलेला कोबी आणि मोहरी मिळते, आणि गप्पा फुकट.

ग्रीकांनी आणलेले शब्द मोजके, पण रोजच्या हातातले. काट्याला इथं ‘पिरोन’ म्हणतात, ग्रीक ‘पिरुनी’. तो तर सगळ्या व्हेनिशियन मुलखातच पोचलेला आहे.

आणि स्लोव्हेन शब्द? ते खालच्या आवाजातले आहेत. थंडी म्हणजे ‘झीमा’. डिसेंबरात बोरा वारा पठारावरून सुटून थेट समुद्रावर कोसळतो आणि लोक दिव्याच्या खांबांना धरून चालतात, तेव्हा ‘के झीमा!’ म्हटल्याशिवाय कोणी कचेरीत शिरत नाही. दाराची मूठ ‘क्लुका’. ओढा ‘पातोक’. चढाचा रस्ता ‘क्लान्त्स’. बायकामाणूस, त्यातही चारचौघींत रमणारी, ती ‘बाबा’. आणि तिच्या गप्पा म्हणजे ‘बाबेझार’ करणं. मक्याच्या दाण्यांच्या सारात पडणारे दाणे ‘बोबिची’. सणाची अक्रोड भरलेली गुंडाळी ‘पुतीत्सा’. घरातलं, पायवाटेवरचं, माजघरातलं हे सारं. हे शब्द आणणाऱ्या बायका पहाटे डोक्यावर दूध घेऊन पठारावरून उतरत, सेर्व्होला खेड्यातून पाव घेऊन येत, शहरातल्यांचे कपडे धुवायला नेत, किंवा मोठ्या घरांत दाया आणि स्वयंपाकिणी म्हणून राहत. मालकांची मुलं त्यांच्या हाताखाली वाढली आणि थंडीला ‘झीमा’ म्हणत मोठी झाली.

एक शब्द मात्र मोकळ्या हवेतला आहे, ‘ओस्मीत्सा’. स्लोव्हेनमध्ये ‘ओसेम’ म्हणजे आठ. सम्राट दुसऱ्या योसेफच्या १७८४ च्या फर्मानानं शेतकऱ्यांना आपल्या घरची वारुणी आणि खाद्यपदार्थ ठरावीक दिवस घरूनच विकायची मुभा मिळाली, तिला ही आठ दिवसांची आठवण चिकटली. आजही पठारावरच्या गावांत एखाद्या शेतकऱ्याचं अंगण उघडतं, नाक्यावर हिरवी डहाळी टांगलेली दिसते, तिच्या दिशेनं गेलं की बाकं, उकडलेली अंडी, चीज आणि घरची वाइन. शनिवारी तिथं एकाच बाकावर स्लोव्हेन आणि त्रिएस्तीनो दोन्ही चालू असतात.

या शेजाराचं सरकारी रूप इतकं सुखाचं नव्हतं. १९१० च्या ऑस्ट्रियन शिरगणतीत माणसाला त्याची मातृभाषा नाही, तर ‘रोजच्या व्यवहाराची भाषा’ विचारली होती. मालकिणीशी इटालियनमध्ये बोलणारी मोलकरीण कशात मोजायची? मोजणी इटालियनांच्या ताब्यातल्या नगरपालिकेकडे होती. तक्रारी झाल्या, फेरमोजणी झाली, आणि स्लोव्हेनांचा आकडा सुमारे वीस हजारांनी वाढून ५७ हजारांच्या घरात गेला. म्हणजे गावातला जवळपास चौथा माणूस.

पहिल्या महायुद्धानंतर त्रिएस्ते इटलीकडे गेलं. १३ जुलै १९२० ला फॅसिस्टांच्या जमावानं स्लोव्हेनांचं सांस्कृतिक भवन, नारोद्नी दोम, पेटवलं. वास्तुकार माक्स फाबियानी यांनी बांधलेली ती देखणी इमारत. आत नाट्यगृह, बँक, हॉटेल. लेखक बोरिस पाहोर तेव्हा सहा वर्षांचे होते, त्यांनी ती आग पाहिली आणि १०८ वर्षांच्या आयुष्यात ती पुन्हा पुन्हा लिहिली. मग स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, आडनावं इटालियन करून दिली गेली, चारचौघांत स्लोव्हेन बोलणं धोक्याचं झालं. ज्या तोंडांनी ही बंदी उचलून धरली ती तोंडंही थंडीला ‘झीमा’च म्हणत राहिली. कायद्याला भाषा ओळखता येत होती. शब्द ओळखता येत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ ते १९५४ त्रिएस्ते अँग्लो-अमेरिकन लष्करी अमलाखाली होतं, मग पुन्हा इटलीकडे आलं. त्या सुमारास इस्त्रिया सोडून आलेले हजारो इटालियन निर्वासित इथं स्थिरावले. तेही आपापल्या व्हेनिशियन बोली घेऊन आले, आणि बोलीत आणखी भर पडली. नारोद्नी दोमची मालकी स्लोव्हेनांना परत देण्याचा करार आगीच्या शंभराव्या स्मरणदिनी, १३ जुलै २०२० ला झाला.

आमच्या कचेरीत हिशेब पाहणारे एक गृहस्थ पठारावरच्या गावातले आहेत. आईशी फोनवर स्लोव्हेन, आमच्याशी त्रिएस्तीनो, टपालाच्या पत्रात इटालियन. तीन भाषांत तीन माणसं होता का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, आकडेमोड स्लोव्हेनमध्ये करतो, भांडण त्रिएस्तीनोत, आणि इटालियन पगारासाठी.

लेखकांनाही हा तिढा ठाऊक होता. इतालो स्वेव्हो यांचं खरं नाव एत्तोरे श्मित्स. टोपणनावातच इटली आणि जर्मन मुलूख. १९२३ साली आलेल्या त्यांच्या ‘झेनो’ कादंबरीचा नायक कुरकुरतो की आपण बोलीतली माणसं शुद्ध इटालियनमध्ये लिहायला लागलो की खरं लिहितच नाही. स्वेव्होंना इंग्रजी शिकवायला येणारा तरुण आयरिश मास्तर होता जेम्स जॉइस. तो १९०४-०५ च्या हिवाळ्यानंतर पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक काळ इथंच राहिला. त्याची दोन्ही मुलं इथंच जन्मली. पुढं झुरिक-पॅरिसला गेल्यावरही त्या घरात मुलांशी बोलायची भाषा त्रिएस्तीनोच होती. कवी व्हिर्जीलियो जोत्ती यांची गंमत उलटी: कविता त्रिएस्तीनोत लिहिल्या, पण रशियन पत्नीबरोबरच्या संसारात ते इटालियन बोलत. बोली त्यांनी कवितेपुरती राखून ठेवली होती.

सामान्य वाचकाला मात्र हसवलं ते कार्पिन्तेरी आणि फारागुना या पत्रकार जोडीनं. १९६० च्या दशकापासून त्यांच्या ‘माल्दोब्रीए’ कथा येऊ लागल्या. त्यांत बोर्तोलो नावाचा म्हातारा खलाशी ऑस्ट्रियाच्या काळातल्या बोटींवरचे लबाड किस्से सांगतो. ऑस्ट्रियन लॉइड आणि नंतर लॉइड त्रिएस्तीनो या कंपन्यांच्या बोटी सुएझमार्गे मुंबईला येत. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी ब्रिंदिसीला चढले ती ‘पिल्स्ना’ बोट लॉइड त्रिएस्तीनोचीच. मुंबईच्या धक्क्यावर तेव्हा थोडी त्रिएस्तीनो नक्कीच ऐकू आली असेल. १९८७ मध्ये मारिओ दोरिया यांचा थोरला त्रिएस्तीनो कोश आला. त्यात स्लोव्हेन, जर्मन, ग्रीक अशी प्रत्येक शब्दाची वंशावळ दिलेली आहे.

आजही या बोलीला कमीपणा चिकटलेला नाही. इटलीत पुष्कळ ठिकाणी बोली म्हणजे खेड्यातली, न शिकलेल्यांची. इथं वकील अशिलाशी आणि सर्जन रुग्णाशी त्रिएस्तीनोत बोलतो. बारमध्ये ‘काप्पुचिनो’ मागितला तर दुधाचा थेंब घातलेली छोटी कॉफी येण्याची शक्यता असते. तिचं इथलं नाव ‘कापो’, आणि काचेच्या पेल्यात हवी तर ‘कापो इन बी’. उन्हाळ्यात पोरं समुद्रात ‘क्लान्फा’ मारतात, म्हणजे अंग वाकवून पाण्याचे फवारे उडवणारी उडी. हा शब्द लोखंडी आकड्याच्या जर्मन नावावरून आलेला. २००८ पासून तिच्या चक्क ‘ऑलिम्पिक’ स्पर्धा भरतात आणि पंच गुण देतात तेही बोलीत.

तरीही अधूनमधून कुणीतरी सुस्कारा टाकतं, की पोरांची त्रिएस्तीनो आता निम्मी इटालियन झाली, जुने शब्द गेले, बोली शुद्ध ठेवली पाहिजे. मला हे ऐकून हसू येतं. जिला स्वतःला शुद्ध म्हणवता येईल अशी बोली या गावात एकच होती, तेर्जेस्तीनो, आणि ती संग्रहालयात आहे. त्रिएस्तीनो जगली ती ग्रीक दलाल, बोहेमियाचा फिटर आणि कार्स्टची दूधवाली यांनी ती मोडूनतोडून बोलली म्हणून. तिला खरा धोका आहे तो वेगळाच, आणि तो सौजन्याच्या रूपात येतो. बाहेरचा माणूस दिसला की गावकरी चटकन इटालियनवर जातात.

आमच्या गोदामात सर्बियाहून आलेले कामगार आहेत. त्यांच्यातल्या एकाला इटालियन धड येत नाही, पण त्रिएस्तीनो फर्डी येते, कारण फोर्कलिफ्टवर त्याला शिकवणाऱ्याला दुसरं काही बोलायचा कंटाळा होता. त्याच्या ‘झीमा’त परकं काहीच नाही; सर्बियनमध्येही हिवाळा ‘झीमा’च. अशी माणसं इथं पुष्कळ आहेत, माझ्यासारखीही आहेत. म्हणून मी कचेरीत सांगून ठेवलंय: मिलानशी हवं ते बोला, माझ्याशी इटालियन बोलायचं नाही. हिशेबनीस म्हणाले, तुझी वाक्यं सोलापूरच्या वळणाची होतील. होऊ देत, म्हटलं. व्हिएन्नाच्या वळणाची चालली, ल्युब्लियानाच्या वळणाची चालली, तर सोलापूरनं काय पाप केलंय?